जनगणना, संगणक आणि संमती : पश्चिम जर्मनी, १९८३

१/ एप्रिल १९८३मध्ये पश्चिम जर्मनीत जनगणना होणार होती. प्रश्न साधेच होते. परंतु उत्तरे स्थानिक नागरिक-नोंदवहीशी ताडून पाहण्याची मुभा कायद्याने प्रशासनाला दिली होती.

२/ १९३९च्या नाझी जनगणनेत प्रत्येकाचे आजी-आजोबा ज्यू होते का, हे विचारले गेले होते. ती स्मृती पुसलेली नव्हती. देशभर बहिष्काराची हाक उठली.

३/ १३ एप्रिलला घटना न्यायालयाने जनगणना स्थगित केली. १५ डिसेंबरचा निकाल ऐतिहासिक ठरला : स्वतःविषयीची माहिती कोणाला, कशासाठी द्यावी, हे ठरविण्याचा अधिकार मूलतः व्यक्तीचाच, आणि संगणकयुगात कोणतीही माहिती क्षुल्लक नसते.

४/ सुधारित कायद्यानुसार जनगणना १९८७मध्ये झाली. मोजणीला न्यायालयाची हरकत नव्हतीच. एका कारणासाठी घेतलेली माहिती परस्पर दुसरीकडे वळविण्याला होती.