स्टेशनच्या नावाची चाल

गाझियाबादच्या इंदिरापुरम किंवा वसुंधरा भागातून सकाळी दिल्लीकडे निघालेल्या गाडीत रेडिओ लावला, की अक्षरधाम येईपर्यंत चार-पाच स्टेशनं सहज लागून जातात. ९८.३, ९३.५, ९१.१, आकाशवाणीचं १०२.६. रहदारीत आकड्याकडे बघायला कुणाला सवड नसते आणि त्याची गरजही पडत नाही. दोन गाण्यांच्या मधल्या फटीत चार-पाच गळे स्टेशनचं नाव गाऊन मोकळे होतात आणि आपण कुठे आहोत ते कळतं. हा तुकडा जेमतेम पाच सेकंदांचा असतो. त्याच्यामागे मात्र जवळपास शंभर वर्षांची घडण आहे आणि तिचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत पार पडला आहे.

रेडिओला स्वतःची ओळख सुरांत सांगावी लागली ती अडचणीतून. सुरुवातीच्या काळात कार्यक्रमांच्या मध्ये शांतता पसरे आणि तेवढ्यात ऐकणाऱ्याला वाटे, की स्टेशन हरवलं. काटा इकडेतिकडे फिरवला की हातचं स्टेशनही निसटायचं. बीबीसीने या रिकाम्या वेळात लंडनच्या बो चर्चच्या घंटा वाजवायला सुरुवात केली. अमेरिकेत एनबीसीने तीन स्वरांची घंटी ठरवली. तिचं मूळ काम श्रोत्यांना खूश करण्याचं नव्हतंच. मुख्य कार्यक्रम संपला, आता आपापली वाहिनी जोडा, अशी ती गावोगावच्या स्टेशनांतल्या तंत्रज्ञांना दिलेली खूण होती. पुढे १९५० मध्ये याच तीन स्वरांची अमेरिकेत ध्वनीचा ट्रेडमार्क म्हणून नोंद झाली.

आपल्याकडे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. ते एका खासगी कंपनीचं होतं. ८ जून १९३६ ला सरकारी प्रसारणाला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळालं. त्याच सुमारास मुंबईत वॉल्टर कॉफमन नावाचा एक तरुण संगीतकार राहत होता. जन्म १९०७ चा, कार्ल्सबाडचा, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या कार्लोवी वारीचा. शिक्षण बर्लिन आणि प्रागमध्ये झालेलं. तो ज्यू होता, युरोपात हिटलरची सावली पसरत होती, म्हणून १९३४ मध्ये तो मुंबईला आला. इथे ओळखीचे लोक चित्रपटाच्या धंद्यात होते. इथलं संगीत त्याला प्रथम अजिबात कळेना. पण इतक्या लोकांना जे प्रिय आहे ते निरर्थक असणार नाही, उणीव आपल्याच कानात असावी, असं त्याने मनाशी ठरवलं आणि तो शिकायला बसला. आयुष्याच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात शिकवताना त्याने उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. परक्या संगीतापुढे इतक्या नम्रपणे बसणारी माणसं फार थोडी असतात.

मुंबईत त्याने चेंबर म्युझिक सोसायटी काढली. तिच्या बैठकांत मेहली मेहता व्हायोलिन वाजवत. झुबीन मेहतांचे हे वडील. १९३७ पासून १९४६ पर्यंत कॉफमन मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचा प्रमुख होता. खाली तानपुऱ्याचा नाद आणि वर शिवरंजनीच्या अंगाने जाणारं व्हायोलिन अशी आकाशवाणीची जी धून आपण पहाटे ऐकत आलो, ती त्याची. श्रेयासाठी इतरही नावं घेतली गेली आहेत, पण कॉफमनचा दावा सर्वांत भक्कम मानला जातो. त्यातलं व्हायोलिन मेहली मेहतांचं असल्याचं सांगतात.

या धुनेत एकही शब्द नाही, आणि मला हीच तिची सर्वांत मोठी करामत वाटते. ती पुण्याला वाजणार होती, लखनौला वाजणार होती, मद्रासलाही वाजणार होती. कुठल्याही एका भाषेत ती गायली असती तर बाकीच्या भाषांना ती परकी झाली असती. आधी सूर येई आणि मग निवेदक आपल्या भाषेत केंद्राचं नाव सांगे. त्या व्यवस्थेत गाण्यात गुंफायला नाव उरतच नव्हतं.

नावालाच चाल लावण्याचं काम अमेरिकेत झालं. १९२६ च्या नाताळच्या आदल्या रात्री मिनीआपोलिसमध्ये व्हीटीज या न्याहारीच्या पदार्थाची जाहिरात चार गळ्यांनी गाऊन सादर केली आणि गायलेल्या जाहिरातीची सुरुवात साधारण तिथून धरतात. स्टेशनने स्वतःचं नाव गायला लावण्याची चटक लागली ती मात्र टेक्सासमधल्या डॅलसला. तिथे केएलआयएफ नावाचं स्टेशन होतं. ओक क्लिफ या वस्तीवरून ती अक्षरं घेतलेली, म्हणून लोक त्याला सरळ 'क्लिफ' म्हणत. तिथे काम केलेल्या बिल मीक्सने १९५१ मध्ये पॅम्स नावाची कंपनी काढली आणि एक साधी पण फार हुशार युक्ती धंद्यात आणली. वाद्यमेळ एकदाच, चांगल्या वादकांकडून, भरपूर पैसे घालून रेकॉर्ड करायचा आणि गळ्यांची जागा मोकळी ठेवायची. मग कुठल्याही शहरातलं स्टेशन आलं की तोच वाद्यमेळ लावून सहा-सात गायकांकडून त्या स्टेशनची अक्षरं गाऊन घ्यायची. वाद्यमेळाचा खर्च अशा शंभर गिऱ्हाइकांत वाटला जाई. एका शहरात तो संच एकाच स्टेशनला द्यायचा एवढं पथ्य पाळलं, की कुणाचीच तक्रार उरत नसे.

यात खरी कसोटी अक्षरसंख्येची असते. अमेरिकेत मिसिसिपीच्या पूर्वेची बहुतेक स्टेशनं 'डब्ल्यू'ने सुरू होतात आणि पश्चिमेची 'के'ने. 'के' एका ठोक्यात संपतो, 'डब्ल्यू'ला तीन लागतात. म्हणजे एकाच चालीत दोघांना बसवायचं तर सुरावट थोडी ओढावी किंवा दाबावी लागते आणि ती ओढाताण ऐकणाऱ्याला जाणवू न देणं हे त्या गायकांचं कसब. इंग्लंडजवळच्या समुद्रात जहाजावरून चालणाऱ्या रेडिओ लंडनने पॅम्सचीच जिंगल्स वाजवली. सरकारने त्या जहाजी स्टेशनांवर बंदी आणली आणि ३० सप्टेंबर १९६७ ला बीबीसी रेडिओ वन सुरू झालं, तेव्हा त्यानेही आपलं नाव पॅम्सकडूनच गाऊन घेतलं. पॅम्सची परंपरा पुढे जॅम नावाच्या कंपनीने सांभाळली. १९७४ मध्ये सुरू झालेली ही कंपनीही डॅलसचीच.

त्याच १९६७ मध्ये, १ नोव्हेंबरला, विविध भारतीच्या मुंबई-पुणे-नागपूर सेवेवर जाहिराती सुरू झाल्या. मुंबईच्या स्टुडिओंना नवं काम मिळालं आणि जिंगल हा मराठी संगीतकारांच्या हातचा मळ झाला. अशोक पत्कींचं नाव इथे घ्यायलाच हवं. त्यांनी हजारो जिंगल्स केल्या. झंडू बामची चाल त्यांची आणि १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या 'मिले सुर मेरा तुम्हारा'ची मूळ चालही त्यांचीच. दहा सेकंदांत मुखडा, वस्तूचं नाव आणि लक्षात राहील असा शेवट बसवायचा ही शिस्त मुंबईत भावगीताच्या आणि चित्रपटाच्या तालमीतून आली. वादक, अरेंजर, कोरसचे गळे, सगळे तिकडचेच. २००१ मध्ये बंगळुरूला पहिलं खासगी एफएम स्टेशन सुरू झालं आणि २००३ मध्ये दिल्लीत रेडिओ मिर्ची, रेड एफएम आणि रेडिओ सिटी आली. तोवर नाव गाऊन देण्याची कला इथे तयार होती.

एखादं स्टेशन जिंगल करून घेतं तेव्हा सुरुवात ब्रीफने होते. नाव, फ्रिक्वेन्सी, घोषवाक्य, ऐकणाऱ्यांचं वय, दिवसाच्या कुठल्या वेळी वाजायचं. मग संख्या ठरते: दर तासाच्या सुरुवातीचं, सकाळच्या शोचं, संथ गाण्याकडून जलद गाण्याकडे नेणारं, दोन सेकंदांचं नुसतं नाव. संगीतकार डमी शब्दांवर स्क्रॅच, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, करून पाठवतो. तिथे एक गोष्ट कान देऊन तपासावी: नावाचे सूर. पाच-सहा सुरांची ती मूळ सुरावट मंजूर झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण सगळे तुकडे तिच्यातून निघतात. आपल्याकडे फ्रिक्वेन्सी इंग्रजीतच गातात. 'नाइंटी-एट पॉइंट थ्री' म्हणून पाहा, पाच ठोके पडतात. ९३.५ चेही पाच, ९१.१ चेही पाच. १०४ चे मात्र तीनच. दिल्लीतल्या इतक्या स्टेशनांचा आकडा एकाच वजनात पडत असेल, तर वेगळेपण सुरांतूनच आणावं लागणार.

मग गायक येतात. चार-पाच जण तेच नाव पुन्हा पुन्हा गातात आणि थर एकमेकांवर चढवले जातात, म्हणून मोजके गळे मोठ्या जथ्यासारखे ऐकू येतात. मिक्स करताना एफएमचा स्वभाव ध्यानात ठेवावा लागतो. प्रसारणात १५ किलोहर्ट्झच्या वरचा नाद जात नाही, शिवाय स्टेशनचं यंत्र हळू आवाज वर उचलतं आणि मोठा दाबतं. स्टुडिओत गोड वाटणारी घुमार हवेत गेल्यावर चिखल होते. हातात घेताना पूर्ण तुकडा, नुसतं संगीत, नुसते गळे असं सगळं सुटं मागून घ्यावं. उद्या घोषवाक्य बदललं तर नुसते गळे पुन्हा रेकॉर्ड करून भागतं. तयार संचात नाव भरून घेणं स्वस्त पडतं, पण तो तयार शर्ट असतो. मापाने शिवलेला हवा असेल तर चाल आपली हवी.

ही गोष्ट मला मोठ्या स्टेशनांपेक्षा छोट्यांसाठी अधिक महत्त्वाची वाटते. २००६ च्या धोरणाने सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा दिली. दिल्लीच्या कडेने अशी केंद्रं उभी राहिली: नोएडात सलाम नमस्ते ९०.४, गुरुग्रामला २००९ पासून गुडगाव की आवाज १०७.८. साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग आहे. यांची ताकद शंभर वॉटच्या आसपास, पल्ला थोड्या किलोमीटरांचा. इतक्या जवळच्या श्रोत्यांना ऑनलाइन विकत घेतलेल्या कुठल्याशा पाश्चात्त्य कोरसमध्ये आपल्या स्टेशनचं नाव ऐकवणं मला पटत नाही. गाझियाबादच्या खेड्यांत रागिणी ही लोकगीतं गाणारे आहेत, म्हसवडच्या माण तालुक्यात गजी नाचाचा ढोल आहे. एक बरा माइक, गाद्या लावून शांत केलेली एक खोली, तीन गळे आणि तासभर तालीम एवढ्यात नावाची चाल होते. कॉफमनने ज्या मुंबईत काम केलं, तिथेही रेकॉर्डिंगची साधनं आजच्या साध्या मोबाइलपेक्षा तोकडी होती.