निगा मागणारे घर

अलीकडे आमच्या वर्ध्यात चार मंडळी जमली की एक विषय हटकून निघतो. निवृत्तीनंतर अलिबागेस किंवा दापोलीकडे, समुद्राजवळ, एखादा लहानसा फ्लॅट घ्यावा. आणि तो असा असावा की डागडुजीसाठी त्याकडे पुन्हा पाहावयास नको. या इच्छेस हसण्याचे कारण नाही. परंतु निगा न मागणारे घर खरोखरच असते काय, हा प्रश्न विचारण्यास वर्ध्याइतके योग्य ठिकाण नाही. कमी खर्चाच्या घराचा एक मोठा प्रयोग येथून अवघ्या आठ किलोमीटरांवर झालेला आहे.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावी राहावयास आले. गावची मालगुजारी जमनालाल बजाजांकडे होती. बुलढाण्याकडील शेगावाशी टपालाचा घोटाळा होऊ लागला, म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. पहिले घर आदिनिवास. खर्च पाचशे रुपयांपलीकडे जाऊ नये, सामान आसपासचे व मजूर गावचे असावेत, अशी अट होती, असे आश्रमात सांगतात. प्रारंभी सारे त्या एकाच घरात राहत. पुढे गांधीजी मीराबेनच्या झोपडीत राहावयास गेले, तीच बापूकुटी. मातीच्या भिंती, बांबू आणि वर कवेलू. भिंतीवर मीराबेननी मातीतच उठविलेली ताडाची झाडे व चरखा. शोभा तेवढीच.

हे घर स्वस्त होते. पण बिनकष्टाचे नव्हते. मातीची जाड भिंत वैशाखाचे ऊन उशिरा आत येऊ देते, हा तिचा गुण. झडीचे पाणी लागले की ती विरघळते, हा तिचा अवगुण. म्हणून मृगापूर्वी कवेलू फेरावे लागतात, पावसाच्या अंगास तट्टे बांधावे लागतात, उधईवर नजर ठेवावी लागते, आणि पावसाळा सरला की भिंतींना पुन्हा हात द्यावा लागतो. पैशाऐवजी हे घर माणसाचे हात मागते.

ते हात कोणाचे, हे विचारल्याखेरीज मातीच्या घराचे कौतुक करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. आमच्या खेड्यांत सारवण आणि पोतेरे बायकांच्याच वाट्यास आले. आश्रमात झाडलोट व सफाई सर्वांनी वाटून घेतली. गावाने ती वाटणी फारशी उचलली नाही. तेव्हा एखाद्या गृहिणीने सिमेंटच्या फरशीचा हट्ट धरला, तर तो चैनीचा हट्ट म्हणता येणार नाही. हे ध्यानी घेऊनच पुढील कार्यकर्त्यांनी विचार केला. देवेंद्रकुमारांनी १९७६ साली वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढले. तेथे मातीचेच घर अधिक टिकाऊ व कमी कष्टाचे कसे होईल, यावर काम झाले.

आता समुद्राकडे वळू. कोकणातील जुना माणूस चिऱ्याची भिंत बांधी. ती पिढ्यान्‌पिढ्या टिके. तरीही पावसाळ्यापूर्वी घर शाकारणे आणि पडवीस झाप लावणे त्यास चुकले नाही. आजचा सिमेंटचा फ्लॅट तर वरून निर्धास्त दिसतो. परंतु खाऱ्या हवेतील मीठ सिमेंटमधून आत शिरते, सळई गंजून फुगते, आणि एके दिवशी छताचा पोपडा खाली येतो. मातीची भिंत आपले दुखणे दरवर्षी सांगते. सिमेंट ते वीस वर्षे पोटात ठेवते आणि मग एकदम मोठे देयक पुढे करते. निगा येथेही टळली नाही. ती पुढे ढकलली गेली, एवढेच.

ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजींनी सेवाग्राम सोडले, ते परत आले नाहीत. १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच हा विचारवंत त्या कुटीत येऊन बसला आणि घराचा अर्थ काय, यावर सेवाग्रामच्या परिषदेत बोलला. धनी गेल्यावर मातीचे घर किती दिवस उभे राहते, हे आपण पडक्या वाड्यांवरून जाणतो. बापूकुटी आज नव्वद वर्षांच्या घरात आहे. ती मजबूत बांधली म्हणून उभी नाही. दरसाल कोणीतरी तिच्या भिंतीवर हात फिरविला, म्हणून उभी आहे.

समुद्रकाठी घर अवश्य घ्यावे. मात्र त्याचा भाव विचारताना, पुढे त्याची निगा कोण राखणार, हेही घरातल्या साऱ्यांनी एकत्र बसून ठरवावे.