व्हेर्चेल्लीचा उदयास्त

राजधान्यांचे व साम्राज्यांचे इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. एखाद्या लहान गांवच्या क्रीडामंडळाचा इतिहास लिहावा असें मात्र फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. खेळ तो खेळ, त्याला इतिहास कसला, असें म्हणून जाणते लोक तो विषय बाजूस सारतात. परंतु ३० हजारांच्या आसपास वस्तीचें एक गांव १५ वर्षांत ७ वेळां साऱ्या राष्ट्राचें अजिंक्यपद मिळवितें, आणि पुढें १३ वर्षांत पहिल्या पंक्तींतून कायमचें उठतें, तेव्हां त्या उदयास्ताचीं कारणें शोधणें हें इतिहासाचेंच काम ठरतें. उत्तर इटलींतील व्हेर्चेल्ली गांवच्या ‘प्रो व्हेर्चेल्ली’ या फुटबॉल मंडळाची कथा अशी आहे.

तुरीन व मिलान या दोन धनाढ्य शहरांच्या दरम्यान, सेझिया नदीच्या कांठीं हें गांव वसलेलें आहे. हा मुलूख भाताचा. १८६६ सालीं पुरा झालेल्या कावूर कालव्याच्या पाण्यानें येथील खाचरें भरतात, आणि वसंत ऋतूंत सारा प्रदेश एखाद्या उथळ सरोवरासारखा दिसतो. त्या पाण्यांत वांकून निंदणी करणाऱ्या बायकांनीं १९०६ सालीं झगडून आपलें दिवसाचें काम ८ तासांवर आणलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; पुढें तिचें प्रयोजन पडणार आहे. या गांवांत १८९२ सालीं एक व्यायाममंडळ निघालें. ‘प्रो’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘साठीं’. तेव्हां ‘व्हेर्चेल्लीसाठीं’ एवढेंच त्या मंडळाचें नांव. १९०३ सालीं मार्चेल्लो बेर्तिनेत्ती या तरुणानें त्यांत फुटबॉलची शाखा काढली. हा गृहस्थ मुळांत तलवारबाज. पुढें १९२४ व १९२८ च्या ऑलिंपिक स्पर्धांत सांघिक तलवारबाजीचीं सुवर्णपदकें जिंकणाऱ्या इटलीच्या संघांत तो होता.

१९०७ सालीं मंडळाचा फुटबॉल संघ दुय्यम वर्गांतून वर चढला आणि १९०८ सालीं, पहिल्याच प्रयत्नांत, इटलीचा अजिंक्य ठरला. त्या वर्षीं परदेशी खेळाडूंना मज्जाव झाल्यामुळें जिनोआ, मिलान व तोरिनो हे संघ रुसून स्पर्धेबाहेर राहिले होते. म्हणून हा विजय फुकटचा, असें कोणी म्हणेल. पण १९०९ सालीं परदेशीयांना मोकळीक असलेल्या स्पर्धेंतही व्हेर्चेल्लीकरच जिंकले, आणि आक्षेपकांचें तोंड बंद झालें. त्यानंतर १९११, १९१२ व १९१३ अशीं लागोपाठ तीन अजिंक्यपदें आलीं. १९१३ च्या अंतिम सामन्यांत तर रोमच्या लात्सिओ संघाचा ६-० असा धुव्वा उडाला.

हें यश आलें कोठून? मोठ्या शहरांत फुटबॉल रुजविला तो इंग्रज व स्विस व्यापाऱ्यांनीं. त्यांना तो फुरसतीचा विरंगुळा होता. व्हेर्चेल्लींत तो व्यायामशाळेंतून आला. अंग कमावणें, दम वाढविणें, एकमेकांस सांभाळून घेणें, हें शिक्षण येथील गड्यांना चेंडूच्या आधीं मिळालें. शिवाय ते बहुतेक गांवांतले व आसपासचे, एकमेकांच्या संगतींत वाढलेले. १ मे १९१३ रोजीं तुरीन येथें इटलीनें बेल्जमला १-० असें हरविलें, तेव्हां राष्ट्राच्या ११ गड्यांपैकीं ९ या एका मंडळाचे होते, आणि गोल करणारा ग्वीदो आरा हाही त्यांतलाच.

तथापि ज्या अभिमानानें हा संघ चढला, त्याच अभिमानानें तो एकदां तोंडघशींही पडला. १९१० सालीं मिलानचा इंटर व प्रो व्हेर्चेल्ली यांचे गुण समसमान झाले आणि निर्णायक सामना २४ एप्रिलला ठरला. आपले कांहीं गडी त्या दिवशीं अन्यत्र गुंतले आहेत, तरी तारीख बदलावी, ही मंडळाची विनंती अमान्य झाली. तेव्हां निषेध म्हणून मंडळानें चौथ्या संघांतील कोवळीं पोरें मैदानांत उतरविलीं. इंटरनें १० गोल केले, पोरांनीं ३. शिक्षा म्हणून व्हेर्चेल्लीच्या खेळाडूंवर बंदी आली, आणि १५ मे रोजीं इटलीचा राष्ट्रीय संघ आपला पहिलावहिला सामना खेळला तो त्यांच्यावांचून. निषेध न्याय्य असेल. पण पोरांना पुढें करणें हें शौर्य नव्हे, हट्ट होय.

पहिल्या महायुद्धानें खेळ थांबला. कप्तानाचा भाऊ फेलिचे मिलानो रणांगणावरून परतला नाहीं. तरीही १९२१ व १९२२ सालीं अजिंक्यपद पुन्हां व्हेर्चेल्लीस आलें. १९२२ सालीं फूट पडून दोन स्पर्धा झाल्या, आणि दुसरींत नोव्ही लीगूरे या तशाच लहान गांवचा संघ जिंकला. १९१४ सालीं शेजारच्या काझालेनें तो मान मिळविला होता. इतक्या लहान गांवांना तो पुढें कधींच लाभला नाहीं.

कारण आतां पैसा मैदानांत उतरला होता. १९२३ सालीं युव्हेंतुस संघाचीं सूत्रें मोटारींच्या कारखानदारीनें गबर झालेल्या आन्येल्ली घराण्याकडे गेलीं, आणि त्याच वर्षीं व्हेर्चेल्लीचा खंदा बचावपटु व्हिर्जिनिओ रोझेत्ता तिकडे गेला. हें स्थलांतर नियमबाह्य ठरून युव्हेंतुसचे कांहीं विजय रद्द झाले; पण रोझेत्ता कांहीं परत आला नाहीं. १९२६ सालीं व्हिआरेज्जो येथें झालेल्या नियमांनीं खेळाडूस मोबदला देणें उघड मान्य केलें. १९२९ पासून साऱ्या देशाची एकच साखळी-स्पर्धा सुरू झाली, तींत व्हेर्चेल्ली कशीबशी टिकून होती ती सिल्व्हिओ पिओला या तरुणाच्या जिवावर. फिओरेन्तिनाविरुद्ध १९३३ सालीं एका सामन्यांत त्यानें ६ गोल केले. १९३४ सालीं मंडळानें त्याला लात्सिओस विकलें. १९३५ सालीं संघ पहिल्या वर्गांतून खालीं गेला. १९३८ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत पिओलानें इटलीसाठीं दोन गोल केले, तेव्हां त्याचें जुनें मंडळ खालच्या वर्गांत होतें.

या ऱ्हासाबद्दल खेळाडूंच्या लोभास दोष देण्याची रीत आहे. ती मला न्याय्य वाटत नाहीं. त्याच गांवच्या निंदणीवाल्यांनीं आपल्या घामाचें मोल मागितलें, त्याला आपण हक्क म्हणतों. मग रोझेत्तानें मागितलें तर तो द्रोह कसा? खरी गोष्ट अशी कीं, व्हेर्चेल्लीचें सामर्थ्य बिनमोल श्रमांवर उभें होतें. जोंवर सारेच फुकट खेळत होते, तोंवर जिव्हाळा हीच मोठी दौलत होती आणि ती या गांवाजवळ विपुल होती. श्रमांस किंमत आली, तेव्हां थैली मोठी त्याचा विजय ठरला. उदयाचें जें कारण, तेंच अस्ताचें.

१९४८ सालीं हें मंडळ दुसऱ्या वर्गांतूनही उतरलें. २०१० सालीं तें कर्जापायीं बुडालें. तेव्हां गांवांतील प्रो बेल्व्हेदेरे या दुसऱ्या मंडळानें त्याचें नांव व पांढरा पोषाख उचलला. या संघानें २०१२ सालीं, तब्बल ६४ वर्षांनीं, दुसरा वर्ग पुन्हां गांठला, आणि गांवचे लोक हा आपलाच जुना संघ म्हणून आनंदले. कायद्याच्या दृष्टीनें ती निराळी संस्था होती, हें त्यांना ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु संस्थेचें जें नांव बेर्तिनेत्तीच्याही आधीं कोणी ठेवून गेलें होतें, त्यांत एकाही मालकाचा उल्लेख नव्हता. होता तो गांवाचा. गांव उभें होतें, तोंवर तें नांव घेणाऱ्यास कोणी परका म्हणणार नव्हतें.