कप्तान आणि त्याचे साथीदार

विमान कोसळल्याची वार्ता आली म्हणजे आपले लक्ष प्रथम यंत्राकडे जाते. एंजिन बिघडले असेल, वादळ झाले असेल, असे तर्क आपण करू लागतो. परंतु काही अपघातांचा इतिहास निराळीच गोष्ट सांगतो. विमान विमानतळाच्या दृष्टिपथात आलेले, एंजिने धडधाकट, चालक अनुभवी, आणि येणारे संकट ओळखणारा मनुष्य त्याच्या पाठीशीच बसलेला. तरीही विमान पडले. असे का व्हावे, याचा उलगडा ज्या एका घटनेने झाला, तिची हकीकत आज श्रोत्यांपुढे ठेवावयाची आहे.

२८ डिसेंबर १९७८ ची ती संध्याकाळ. युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-८ जातीचे विमान न्यूयॉर्कहून डेन्व्हरमार्गे ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरी येत होते. आत १८९ माणसे होती. उतरण्यासाठी चाके खाली सोडताच मोठा धक्का बसला आणि चाके पक्की बसल्याची खूण देणारे दिवे नीट लागेनात. वास्तविक चाके जागेवर होती. गंजलेला एक दांडा तुटल्याने उजवे चाक धाडकन खाली आले आणि त्या हिसक्याने खुणेची कळ तेवढी मोडली होती. परंतु हे आकाशात कोणास कसे कळावे?

कप्तानाच्या पदरी २७,००० हून अधिक तासांचा अनुभव होता. त्याने उतावीळ केली नाही. विमानतळाच्या आग्नेयेस सुमारे ५,००० फूट उंचीवर तो घिरट्या घालीत राहिला. चाकांची पाहणी झाली, प्रवाशांना आणीबाणीच्या उतरणीसाठी तयार करण्यात आले. हे सारे योग्यच होते. मात्र या खटपटीत जवळजवळ एक तास गेला, आणि टाकीतील इंधन कोणाचीही वाट पाहत थांबले नव्हते.

तिघांच्या त्या कक्षात इंधनाचा हिशेब ठेवणारा यंत्राधिकारी होता. ५,००० पौंड उरले, हे त्याने सांगितले. आणखी पंधरा मिनिटे काढण्याचा कप्तानाचा विचार दिसताच, तेवढ्या वेळात इंधन फारच खाली जाईल, असेही तो म्हणाला. परंतु ‘आता उतरलेच पाहिजे’ हे वाक्य कोणी उच्चारले नाही. अखेर एंजिन बंद पडत असल्याचे सहवैमानिकाने सांगितले, तेव्हा कप्तानाने विचारले, ‘का?’ उत्तर एकाच शब्दाचे होते: ‘इंधन.’ विमानतळ सुमारे सहा मैलांवर असता विमान उपनगरातील झाडीत कोसळले. १० माणसे दगावली. त्यांत तो यंत्राधिकारीही होता. बाकीचे वाचले. मोठी आग लागली नाही, कारण जळावयास इंधनच उरले नव्हते.

चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मुख्य दोष कप्तानाच्या माथी ठेवला. परंतु मंडळ तेथेच थांबले नाही. इतर दोघांना संकटाचे गांभीर्य पुरते उमगले नाही, किंवा ते कप्तानाच्या मनावर बिंबविता आले नाही, असेही त्याने नमूद केले. कप्तान हा शब्दच मुळी जहाजावरून विमानात आलेला, आणि त्याबरोबर जहाजावरील हुकमतही आली. वडीलधाऱ्यास त्याची चूक दाखविणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास, ही भावना केवळ आपल्याच घरांत नांदते असे नव्हे.

पुढे १९७९ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने याच प्रश्नावर परिषद भरविली, आणि १९८१ साली युनायटेडने आपल्या वैमानिकांसाठी नवे शिक्षण सुरू केले. शंका आल्यास कनिष्ठाने ती स्पष्ट बोलावी, न ऐकल्यास पुन्हा बोलावी. वरिष्ठाने ती मागून घ्यावी. आणि एकजण बिघाड पाहत असता दुसऱ्याने विमानाकडेच लक्ष द्यावे, हे त्याचे सार होय. प्रारंभी काही वैमानिकांनी त्याची थट्टाही केली. परंतु १९ जुलै १९८९ रोजी कप्तान अल् हेन्स यांच्या विमानाची सुकाणू-यंत्रणा साफ निकामी झाली, तेव्हा प्रवासी म्हणून आलेल्या एका शिक्षक-वैमानिकासही हाताशी घेऊन चौघांनी ते सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. विमान तेथे मोडून पडले, ११२ जण दगावले. तथापि १८४ वाचले. त्याचे श्रेय हेन्स यांनी या शिक्षणास मोकळेपणाने दिले.

तरीही हा धडा एकदा शिकून संपत नाही. २२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरास आलेले विमान फार उंचावरून व वेगाने धावपट्टीकडे झेपावले. उतरणे सोडून पुन्हा वर चला, असे सहवैमानिकाने तीन वेळा सुचविले. कप्तान, जो प्रवासात बराच वेळ झोपलेला होता, उतरतच राहिला. विमान पठारावरील धावपट्टी ओलांडून दरीत गेले आणि १५८ माणसे प्राणास मुकली. वाचली ती अवघी आठ.

पोर्टलंडला पुरेसे बोलले गेले नाही. मंगळूरास बोललेले ऐकले गेले नाही. म्हणून धाकट्यास बोलण्याचे धैर्य शिकविताना थोरल्यास ऐकण्याची सवय लावणेही तितकेच अगत्याचे आहे.