ओक्, ओईल, सी : युरोपीय होकाराची व्युत्पत्ति

शब्द जितका लहान, तितकी त्याची व्युत्पत्ति निसरडी. दोनतीन वर्णांच्या शब्दाशीं जुळणारा ध्वनि कोणत्या ना कोणत्या भाषेंत सांपडतोच, आणि ध्वनिसाम्य दिसलें कीं नातें जोडण्याचा मोह आवरत नाहीं. छांदोग्योपनिषदाच्या आरंभींच ओंकारास अनुज्ञेचें, म्हणजे संमतीचें, अक्षर म्हटलें आहे. इकडे फ्रान्सच्या दक्षिण भागांतील भाषेंत होकारास ‘ओक्’ असा शब्द आहे. हीं दोन्ही एकाच मुळाचीं असावींत, असें अनुमान संस्कृतज्ञास सुचणें स्वाभाविक आहे. परंतु तें खरें कीं खोटें याचा निवाडा कानानें व्हावयाचा नसून लेखानें व्हावयाचा आहे. म्हणून युरोपांतील होकारवाचक शब्दांची छाननी प्रस्तुत लेखांत केली आहे.

प्रथम लॅटिन भाषा घेऊं. तींत ‘होय’ या अर्थाचा ठरीव असा एकच शब्द नव्हता. प्रश्नांतील क्रियापदच उत्तरांत फिरून उच्चारीत, अथवा ‘इता’ (तसें), ‘सिक्’ (असें) यांसारखें एखादें अव्यय योजीत. आपल्याकडे ‘येतोस काय?’ या प्रश्नास ‘येतों’ एवढें उत्तर पुरतें, तसाच हा प्रकार होय. आयरिश व वेल्श भाषांत तो आजहि चालू आहे. फार काय, आपलें ‘होय’ देखील मूळचें क्रियापदच : संस्कृत ‘भवति’, प्राकृत ‘होइ’.

लॅटिनपासून पुढें ज्या लोकभाषा निघाल्या, त्यांनीं होकारासाठीं निरनिराळे मार्ग धरिले. ‘सिक्’पासून इटालियन व स्पॅनिश ‘सी’ आणि पोर्तुगीज ‘सीं’ निघाले. दक्षिण गॉलमध्यें ‘होक्’, म्हणजे ‘हें’, या दर्शक सर्वनामाचें ‘ओक्’ झालें. उत्तरेकडे त्याच ‘होक्’चा केवळ ‘ओ’ उरला आणि त्यापुढें पुरुषवाचक सर्वनाम जोडूं लागले : ‘ओ ज’ (हें मी), ‘ओ तू’ (हें तूं), ‘ओ इल’ (हें तो). यांपैकीं तृतीय पुरुषाचें रूप सर्वांसाठीं रूढ झालें. तेंच ‘ओईल’, आणि तेंच झिजून आजचें फ्रेंच ‘वी’. दांते या कवीनें लोकभाषांवर लॅटिनमध्यें लिहिलेल्या अपूर्ण ग्रंथांत (सुमारें इ. स. १३०३-१३०५) याच तीन होकारांवरून भाषांचे ‘ओक्’, ‘ओईल’ व ‘सी’ असे तीन वर्ग पाडले आहेत.

‘होक्’मधील हकार लोपल्यास प्रमाण काय, असें कोणी विचारील. प्रमाण हस्तलिखितांत आहे. शार्लमेनचे नातू लुई व चार्ल्स यांनीं आपला वडील बंधु लोथेर याजविरुद्ध इ. स. ८४२ च्या १४ फेब्रुवारीस स्ट्रासबुर्ग येथें परस्परांस शपथ दिली. चार्ल्सच्या सैन्यास कळावें म्हणून लुईनें ती तेथील लोकभाषेंत उच्चारिली. निथार्ड या समकालीन इतिहासकारानें ती शब्दशः नमूद करून ठेविली. त्याच्या ग्रंथाची उपलब्ध प्रत दहाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराची असून ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. त्या शपथेंत ‘होक्’च्या ठिकाणीं नुसता ‘ओ’ आढळतो. तेथें त्याचा अर्थ होकार नसून केवळ ‘हें’ असा आहे. म्हणजे सर्वनाम झिजलें आहे, पण अद्याप अव्यय झालेलें नाहीं. मधली पायरी स्पष्ट हातीं लागते. लॅटिन जाणणाऱ्या नकलकारानें अशुद्ध समजून तेथें ‘होक्’ लिहिलें असतें, तर हा पुरावा कायमचा बुडाला असता.

आतां मूळ प्रश्न. ‘ओक्’मधील ककार हा लॅटिन दर्शकाचा अवशेष आहे आणि आरंभींचा हकार गळालेला आहे, ‘ओम्’शीं त्याचें कांहीं नातें लागत नाहीं. ग्रीक होकार ‘नाइ’, ज्याचा आजचा उच्चार ‘ने’ असा होतो, तो आपल्या कानास नकार वाटतो. ध्वनीवर भिस्त ठेवणाराची गति काय होते हें यावरून दिसेल. खरें नातें जेथें कोणी पाहत नाहीं तेथें आहे. पोलिश भाषेंत होकारास ‘ताक्’ म्हणतात. त्यांतील दर्शक प्रकृति व संमतिदर्शक संस्कृत ‘तथा’ यांतील ‘त’ एकच. तसेंच लॅटिन ‘इता’ व संस्कृत ‘इति’ सगोत्र आहेत.

होकारांतील अर्थभेदहि असेच सूक्ष्म असतात. निषेधार्थी वाक्य खोडून काढावयाचें असल्यास फ्रेंच मनुष्य ‘वी’ न म्हणतां ‘सी’ म्हणतो, जर्मन ‘या’ न म्हणतां ‘दोख’ म्हणतो. इंग्रजींतहि पूर्वीं साध्या प्रश्नास ‘ये’ व निषेधार्थी प्रश्नास ‘येस’ असा भेद होता. नकारांतहि तशीच ‘ने’ व ‘नो’ ही जोडी होती. बायबलाच्या भाषांतरांत या जोडीचा घोटाळा केला म्हणून टॉमस मोर यानें १५३२ त टिंडल याजवर टीका केली. पुढें हा भेद इंग्रजींतून नाहींसा झाला. आज तो कळतो तो जुन्या लेखांवरून.

लहान शब्दाची चिकाटीहि पाहण्यासारखी आहे. ‘ओक्’वरून लांग्दोक या प्रांतास नांव मिळालें. १५३९ त राजा पहिला फ्रान्सिस यानें न्यायालयीन लेख फ्रेंचमध्येंच व्हावे असा हुकूम काढिला व दक्षिणेची भाषा दप्तरांतून मागें पडली. तरी २०१६ त तेथील नव्या विभागास ‘ऑक्सितानी’ हें नांव देण्यांत आलें. त्यांतहि तोच ‘ओक्’ आहे.

यांतून आपणांस, म्हणजे जुने कागद जमविणारांस व छापणारांस, घेण्यासारखा बोध एकच. महजर, बखर किंवा पत्र उतरून घेतांना आपण नांवें, तिथी व रकमा डोळ्यांत तेल घालून तपासतों. पण ‘हो’, ‘जी’, ‘बरें’ असे शब्द आजच्या वळणावर सहज नेऊन बसवितों. मोठा शब्द बिघडला तर संदर्भानें दुरुस्त करितां येतो. लहान शब्द सुधारला गेला तर सुधारणा झाली हेंच कोणास कळत नाहीं. यास्तव मूळांत असेल तेंच अक्षर, असेल त्याच रूपांत उतरावें, आणि शंका असल्यास ती समासांत नोंदावी. इत्यलम्.