टाक, फाळ आणि कार्बोरंडम

माझे आजोबा किर्लोस्करवाडीच्या ओतशाळेत कामाला होते. त्यांचे एकही छायाचित्र आमच्या घरी नाही. म्हणून ‘किर्लोस्कर’चे जुने अंक हाती आले, की मी लेख बाजूला ठेवून आधी चित्रेच चाळतो.

या वाडीची कुळकथा चित्रकलेपासूनच सुरू होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले ते चित्रकार व्हायला. रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळले, तेव्हा ते यंत्ररेखनाकडे वळले. १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर त्यांनी कारखाना मांडला. जागा देणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः कुंचला धरणारे राजे! १९२० साली तेथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. संपादक शंकरराव हेही चित्रकार. त्यांच्या ‘टाकांच्या फेकी’ रूढींवर आणि भोंदूगिरीवर नेमक्या बसत. माझ्या हाती जे चार-दोन अंक आले, त्यांत लोखंडी नांगर होता. साच्यात रस ओतणारा माणूस काही मला भेटला नाही.

तो भेटला सातासमुद्रांपलीकडे. मंदीत बेकार झालेल्या चित्रकारांना अमेरिकेच्या सरकारने १९३५ ते १९४३ या काळात ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’मध्ये पगारावर घेतले. एका ठशावरून अनेक प्रती निघत आणि त्या शाळांतून, ग्रंथालयांतून लागत. हॅरी स्टर्नबर्ग १९३६ साली पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींत जाऊन कामगार रेखाटीत बसला. मला मात्र जवळचा वाटतो डॉक्स थ्रॅश. जॉर्जियात जन्मलेला हा कृष्णवर्णीय चित्रकार पहिल्या महायुद्धात जखमी झालेला सैनिक. फिलाडेल्फियाच्या छापशाळेत त्याने सोबत्यांसह धातूचा पत्रा कार्बोरंडमच्या भुकटीने खरबरीत केला. त्या खरबरीतपणात शाई मुरून मखमली काळा रंग उमटे, आणि जेथे पत्रा घासून गुळगुळीत करावा तेथे उजेड पडे. युद्धसामग्रीच्या कारखान्यातला मजूर त्याने असाच अंधारातून वर काढला.

कार्बोरंडम! आजोबांच्या तोंडी हा शब्द रोजचा. ओतीव फाळ घासायचे चाक त्याचेच.

हे मी वर्गात सांगितले, तर दुसऱ्या दिवशी एका पोराने फुटक्या चाकाचा तुकडा आणून टेबलावर ठेवला. “गुरुजी, आमचा बा ह्याच्यावरच काम करतोय. आता काय काढू?”

“बा काढ,” मी म्हणालो.