काचेआडचे डोळे

मंडळी, दिवाळी अंकात दिव्यांवर लिहायचं तर पणतीवर नाहीतर आकाशकंदिलावर लिहावं, हे मलाही कळतं. पण आपल्या मंडळातली तरुण मुलं हल्ली माझ्याकडे येतात ती जुन्या गाड्यांच्या गोष्टी घेऊन. तंत्रज्ञानाचा इतिहास शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून ‘काकांना माहीत असेल’ असा त्यांचा समज. साठच्या दशकातली एखादी जॅग्वार, पोर्शे किंवा डॅटसन हौसेनं घेतलेली असते. रात्री तिच्या दिव्यांत धड दिसत नाही, किंवा तिचा मूळचा युरोपीय चेहरा परत हवा असतो. मग प्रश्न येतो, ‘काका, हेडलाइट बदलले तर कायद्यानं चालेल का?’

मेकॅनिकला विचारलंत तर तो म्हणेल, ‘सगळेच बदलतात.’ ते खरं आहे, पण ते उत्तर नव्हे. खरं उत्तर हवं असेल तर तुम्हाला माझ्याबरोबर १९४० सालापर्यंत मागं यावं लागेल.

त्याआधी अमेरिकेत प्रत्येक राज्याचे दिव्यांचे नियम वेगळे आणि प्रत्येक कंपनीचे दिवेही वेगळे. दिव्यातला चांदीचा मुलामा दिलेला रिफ्लेक्टर धूळ आणि ओल लागून काळवंडायचा. बल्ब बदलताना जरासा तिरका बसला तरी झोत भलतीकडेच जायचा. यावर तोडगा निघाला तो ‘सील्ड बीम’चा. तार, रिफ्लेक्टर आणि पुढची काच हे सगळं मिळून एकच हवाबंद काचेचं भांडं. तार जळली की अख्खा दिवा फेकायचा आणि नवा बसवायचा. मोटारी बनवणारे, दिवे बनवणारे आणि राज्याराज्यांचे मोटार-अधिकारी यांनी मिळून ठरवलं की १९४० च्या मॉडेलांपासून गाडीला असे दोनच दिवे, गोल, सात इंच व्यासाचे.

आज आपल्याला हे संकुचित वाटतं. मला मात्र तो फार शहाणपणाचा निर्णय वाटतो. गाडी कॅडिलॅक असो की दहा वर्षं वापरलेली फोर्ड, दिवा तोच. ओहायोत निघालेल्या माणसाचा दिवा नेवाडात गेला, तर तिथल्या पंपावर तसाच दिवा मिळणार. आणि दर वेळी नव्या दिव्याबरोबर नवा, चकचकीत रिफ्लेक्टरही येणार. म्हणजे गरिबाच्या जुन्या गाडीचा उजेडही श्रीमंताच्या नव्या गाडीइतकाच.

चुकलं ते पुढं. चांगला नियम केला की त्याला कुलूप लावायची सवय सरकारांना असते. १९५७-५८ मध्ये पावणेसहा इंची चार दिव्यांना परवानगी मिळाली, १९७५ पासून चौकोनी सील्ड बीम आले. बाकी गाडं तिथंच. युरोपात १९५७ मध्ये असमान झोत आला, म्हणजे डिपर दिला की आपल्या कडेचा रस्ता लांबवर उजळतो आणि समोरून येणाऱ्याच्या बाजूला प्रकाश खाली राहतो. १९६२ मध्ये तिथं मोटारींसाठी हॅलोजन बल्बही आला. अमेरिकेत मात्र सात इंची भांडं ते सात इंची भांडंच.

आता जॅग्वारकडे येऊ. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ई-टाइप लोकांपुढं आली. तिचा आकार ठरवणारा माल्कम सेयर मूळचा विमान कारखान्यातला माणूस. त्यानं लांबलचक बॉनेटमध्ये दिवे खोल बसवले आणि त्यांवर बॉनेटच्याच उताराची काच घातली, वारा कुठंही अडू नये म्हणून. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाच्या संग्रहात ही गाडी आहे. जमलं तर मुलांना घेऊन जा. समोरून पाहिलंत तर त्या काचेआडच्या दिव्यांमुळे गाडीला चक्क नजर आहे असं वाटतं.

आणि तरीही रात्री चालवणाऱ्याची तक्रार होतीच. तिरप्या काचेतून जाताना प्रकाशाचा काही भाग परत फिरतो, काही विखुरतो. वर धूळ, चिखल, मेलेले किडे. शिवाय सील्ड बीमच्या काचेवर तीन बारीक उंचवटे असत. त्यांवर उपकरण टेकवून झोत किती वर, किती खाली हे तपासायचं, ही अमेरिकेतली रीत. पुढं दुसरी काच असेल तर उपकरण टेकणार कशावर?

१९६५ मध्ये राल्फ नेडर यांचं मोटारींच्या असुरक्षिततेवरचं पुस्तक गाजलं, १९६६ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन-सुरक्षेच्या कायद्यावर सही केली आणि १९६८ पासून टप्प्याटप्प्यानं केंद्रीय मानकं लागू झाली. दिव्यांचं मानक क्रमांक १०८. पेटलेल्या हेडलाइटपुढं काच, जाळी किंवा शोभेचं काहीही नको, असं ते सांगतं. जॅग्वारची मोठी बाजारपेठ अमेरिका. त्यामुळे १९६७ मध्येच काचा निघाल्या, आणि १९६८ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या मालिकेत दिवे आणखी पुढं सरकले.

हे एकट्या जॅग्वारचं झालं नाही. अमेरिकेसाठी बनलेल्या पोर्शे ९११ ला सील्ड बीम बसवावे लागले. सित्रोएनच्या डीएस गाडीत स्टिअरिंगबरोबर वळणारे दिवे होते, काचेआड. इकडे ते बिनकाचेचे आणि न वळणारे होऊन आले. जपानमध्ये डॅटसनच्या झेड गाडीला दिव्यांवर पारदर्शक झाकणं मिळत, इथल्या २४० झेडला नाहीत. तुमच्या गॅरेजमधल्या गाडीचा चेहरा अर्धा कारखान्यातल्या चित्रकारानं काढलाय आणि अर्धा वॉशिंग्टनमधल्या कारकुनानं, असं मी मुलांना सांगतो तेव्हा ती हसतात. पण ‘मूळ रूपात आणतो’ म्हणताना नेमकं कुठलं मूळ, हे ठरवावंच लागतं. १९६९ मध्ये इथल्या गिऱ्हाइकासाठी बनलेल्या जॅग्वारचं मूळ रूप उघड्या दिव्यांचंच आहे.

आता कायद्याचा भाग. वकिलांना तो कंटाळवाणा वाटतो, मला नाही. पहिली गोष्ट, गाडी कधी बनली? केंद्रीय मानक लागू होण्याआधी बनलेल्या गाडीवर ते मागं जाऊन लादलेलं नाही. १९६५ च्या ई-टाइपच्या काचा काढायला वॉशिंग्टनहून कुणी येणार नाही. विक्रीच्या कागदावरचं साल पुरेसं नसतं. जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट गाडी बनल्याच्या तारखेचा दाखला देते, तो मागवा.

दुसरी गोष्ट मला फार मजेशीर वाटते. बदल कुणाच्या हातानं झाला? सुरक्षिततेसाठी बसवलेली वस्तू जाणूनबुजून निकामी करायला केंद्रीय कायदा निर्माते, विक्रेते आणि दुरुस्तीचा धंदा करणारे यांना मनाई करतो. त्यात गाडीच्या मालकाचं नाव नाही! तोच स्क्रूड्रायव्हर मेकॅनिकच्या हातात असेल तर गुन्हा, तुमच्या हातात असेल तर केंद्राचं काही म्हणणं नाही. पण हुरळून जाऊ नका. रस्त्यावर राज्याचा कायदा चालतो, आणि तो मालकालाही सोडत नाही. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात हेडलाइट जमिनीपासून २२ इंचांच्या खाली आणि ५४ इंचांच्या वर चालत नाही. ज्या राज्यांत वार्षिक तपासणी आहे तिथं ही गाठ दरवर्षी पडते, आणि जुन्या गाड्यांना सवलत किती हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं.

तिसरी गोष्ट दिव्याची. इथल्या दिव्याच्या काचेवर ‘डॉट’ अशी अक्षरं दिसतात. पुष्कळांना वाटतं सरकारनं तो तपासून मंजूर केला. तसं नाही. ती निर्मात्यानं स्वतःच दिलेली ग्वाही असते. युरोपातल्या दिव्यावर वर्तुळात ‘ई’ आणि एक आकडा असतो, तो मात्र तपासणीनंतर मिळतो. म्हणून युरोपातला उत्तम हॅलोजन दिवा, झोत कितीही नीटनेटका असला तरी, त्यावर ‘डॉट’ नसेल तर इथल्या मानकात बसत नाही. हा कायद्याचा हट्ट आहे असं माझं मत, पण मत वेगळं आणि दंडाची पावती वेगळी.

यात एक गंमत अशी, की पंचवीस वर्षांहून जुनी गाडी या मानकांची अट न पाळता आयात करता येते. म्हणजे इंग्लंडच्या गिऱ्हाइकासाठी बनलेली जॅग्वार आपल्या मूळ चेहऱ्यानिशी बोटीतून उतरू शकते, आणि तिच्याच वयाच्या अमेरिकी बहिणीला तो चेहरा देणारा गॅरेजवाला मात्र अडचणीत येऊ शकतो.

पण एका बाबतीत मी कायद्याच्या बाजूनं ठाम उभा आहे. जुन्या हॅलोजनच्या भांड्यात एलईडीचा बल्ब खुपसायचा नाही. रिफ्लेक्टरचं गणित तारेच्या जागेवर बेतलेलं असतं, आणि ती जागा मिलिमीटरच्या अंशानं चुकली तरी झोत बिघडतो. एलईडीची चिप आकारानं वेगळी आणि प्रकाश फेकते वेगळ्या दिशांनी. तुम्हाला समोर लख्ख दिसतं आणि समोरच्याचे डोळे दिपतात. हेडलाइटसाठीच्या अशा सुट्या एलईडी बल्बांना केंद्रीय मानकात जागा नाही. म्हणूनच खोक्यावर बारीक अक्षरात ‘रस्त्यावर वापरण्यासाठी नाही’ असं छापून ते विकतात. १९७१ च्या युद्धात मुंबईत ब्लॅकआउट असताना मोटारींच्या दिव्यांना काळं फासलेलं आमच्या पिढीनं पाहिलं आहे. प्रकाश म्हणजे नुसतं पुण्य नव्हे, हे आम्हाला सांगावं लागत नाही.

मग उजेड वाढवायचा कसा? आधी तारा पाहा. त्या काळच्या इंग्लिश गाड्यांत दिव्यांचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या बटणातून फिरून येतो, आणि पन्नास-साठ वर्षांच्या गंजलेल्या जोडांत व्होल्टेज गळतं. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरलं तर तारेचा प्रकाश जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. जाड तारा आणि एक रिले बसवा. त्याला कायद्याची आडकाठी नाही, खर्चही बेताचा. ते करून भागलं नाही तर सात इंची मापाचे, मानकात बसणारे, हवाबंद एलईडी दिवे मिळतात. ते अख्खे बदलायचे, आतला बल्ब नाही. आणि काहीही बदललंत तरी भिंतीसमोर गाडी उभी करून झोत तपासल्याशिवाय हायवेवर जाऊ नका.

सील्ड बीमची सक्ती शेवटी १९८३ मध्ये सुटली. फोर्डनं अर्ज केला होता, आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनला बदलता येणाऱ्या बल्बचे, गाडीच्या अंगाशी बसणारे दिवे मिळाले. त्यानंतर ज्याला त्याला हवा तसा दिवा बनवता येऊ लागला, आणि एका गाडीचा दिवा दुसरीला बसेनासा झाला. समोरची गाडी ओळखून झोत आपोआप आवरणाऱ्या दिव्यांना परवानगी मिळायला फेब्रुवारी २०२२ उजाडलं. आजच्या नव्या गाडीचा दिवा फुटला तर डीलरचा आकडा ऐकून बसायला खुर्ची लागते. १९४० चं ते सात इंची गोल भांडं मात्र सुट्या भागांच्या दुकानात अजून मिळतं, आणि ते उघड्या दिव्यांच्या जॅग्वारला बसतं.